माशीमारांचा माळ

औंधच्या आसपासच्या माळांवर हिवाळ्यात बोरी-बाभळीच्या शेंड्यावर गप्पीदास बसलेला दिसतो. शेपूट हलवीत खाली पाहतो, किडा दिसला की झेपावतो आणि पुन्हा वर येऊन बसतो. चिरकही याच माळाचा, पण त्याचा वावर जमिनीवर अधिक. पूर्वी या दोघांना कस्तुरांबरोबर मोजत. आता ते माशीमारांच्या कुळात गणले जातात. गंमत अशी, की पिढ्यानपिढ्या ‘फ्लायकॅचर’ म्हणवून घेणारे नाचण आणि स्वर्गीय नर्तक मात्र त्या कुळातून बाहेर पडले. त्यांचे नाते कोतवालाशी जवळचे निघाले. म्हणजे ‘माशीमार’ हे नाव धंद्याचे, गोताचे नव्हे. आपल्याकडच्या सुतार-कुंभार आडनावांसारखेच.

दक्षिण अमेरिकेत तर या नावाचा गोताशी काहीच संबंध उरत नाही. तिथले माशीमार टायरॅनिडी या निराळ्याच कुळातले. जाती ४००हून अधिक. आपल्या माशीमारांना त्यांच्यापेक्षा कावळा जवळचा! तरीही टेहळणीची जागा धरायची आणि किडा टिपायचा, हा धंदा दोन्हीकडे स्वतंत्रपणे उभा राहिला. अर्जेंटिना-पॅराग्वेच्या उंच गवतातला अलेक्ट्रुरस रिसोरा हा त्यांपैकी एक. नराच्या शेपटीची दोन पिसे लांबलचक असतात. विणीच्या काळात गळ्यावरची पिसे झडून तांबडी-नारिंगी कातडी दिसते. गवताळ राने नांगराखाली गेली, काही ठिकाणी पाइन-निलगिरीची लागवड झाली, आणि अर्जेंटिनाच्या फार मोठ्या भागातून तो नाहीसा झाला. झाडे लावल्यानेही पाखरू जाते, हे आपल्याला सहजी पटत नाही.

औंध सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. इकडे खटाव-माणला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्या पाण्यावर कुसळी गवत आणि विरळ झुडपेच यायची. या माळाला उजाड झालेले जंगल समजणे मला चुकीचे वाटते. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात मात्र झुडपी माळ ‘पडीक’ ठरतात, आणि पडीक म्हटले की वनीकरण आलेच. गिरिपुष्पाच्या ओळी दाटल्या की सावली पडते, गवत विरळ होते, शेंड्यावरून खालची जमीन दिसेनाशी होते. तिथे नाचण येऊ शकेल, तिला झाडीच लागते. गप्पीदासाला पुढचा माळ शोधावा लागतो.