बॅटरी गेली तर किती लाख?

अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका कुटुंबाने ११ हजार डॉलरला जुनी फोर्ड फोकस इलेक्ट्रिक घेतली, २०१४ सालची. सहा महिने गाडी नीट चालली, मग डॅशबोर्डवर इशाऱ्याचे दिवे लागू लागले. बॅटरी बदलावी लागेल, असं निदान झालं. खर्च १४ हजार डॉलर, बसवण्याची मजुरी वेगळी. गाडीपेक्षा बॅटरी महाग! आणखी चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या मॉडेलची बॅटरी आता मिळतच नाही. २०२२ साली ही बातमी जगभर फिरली.

आपल्याकडेही इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला, की पहिला प्रश्न मायलेजचा आणि दुसरा हाच. बॅटरी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती इन्व्हर्टरची: पाणी घालत चार-पाच वर्षं ओढायची, मग जुनी देऊन नवी आणायची. गाडीतली बॅटरी तशी नसते. गाडीच्या तळाशी बसवलेली काही शे किलोंची ती पेटी असते. आत काही गाड्यांत शंभरेक, तर काहींत हजारो सेल असतात. त्यांना थंड ठेवणारी व्यवस्था आणि सतत नजर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स वेगळं. त्यामुळे ‘बॅटरी गेली’ या दोन शब्दांत बरंच काही मावतं. एखादा सेन्सर बिघडला तरी गाडी जागच्या जागी थांबू शकते. अशा वेळी पेटी बदलायची नसते, उघडून दुरुस्त करायची असते. अडचण एवढीच, की ती उघडू शकणारे कारागीर अजून मोजके आहेत.

आता किमतीचं गणित. बॅटरी मोजतात किलोवॅट-तासात, म्हणजे आपल्या वीजबिलातल्या युनिटमध्येच. ब्लूमबर्ग एनईएफ ही संस्था दरवर्षी बॅटरीच्या भावाचा अंदाज घेते. त्यांच्या हिशेबाने २०१० मध्ये एका युनिटच्या क्षमतेला हजार डॉलरहून जास्त पडत. २०२४ मध्ये हा भाव ११५ डॉलरवर आला. या दराने ४५ युनिटची पेटी साधारण साडेचार लाख रुपयांची झाली. पण हा कंपन्यांचा घाऊक भाव. ग्राहकाच्या बिलात वाहतूक, मजुरी, नफा चढतो आणि करही. गाडीच्या पोटात बसून आलेल्या बॅटरीला गाडीबरोबर ५ टक्के जीएसटी लागतो. तीच सुटी घेतली की १८ टक्के. ही तफावत समजणं कठीण आहे.

पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या टाटाच्या नेक्सॉन ईव्हीची, ३०.२ युनिटच्या पहिल्या आवृत्तीची, बॅटरी सुमारे सात लाखांची असल्याची बातमी २०२२ मध्ये आली होती. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण ती बॅटरी वॉरंटीत बदलून मिळाली होती आणि मालकाला पैसे पडले नव्हते, हा अर्धा भाग बहुतेकांच्या बोलण्यातून गळून जातो.

हायब्रिडची गोष्ट बरीच सौम्य. टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमधली बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान आहे, कारण गाडीचा मुख्य भार पेट्रोल इंजिनच वाहतं. हायब्रिडला जगभर नेणारी टोयोटा प्रियस जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात आली. तिच्या दुसऱ्या पिढीच्या बॅटरीत २८ मॉड्यूल होते. अमेरिकेतले गॅरेजवाले त्यातला खराब झालेला एखादाच बदलून देतात. स्वस्तात काम होतं, पण बाकीचे सत्तावीस तेवढेच जुने असतात, आणि काही महिन्यांनी त्यांतलाच एखादा मान टाकतो. प्रियसच्या मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा पुरवणारी जाळी असते. ती धुळीने, कुत्र्याच्या केसांनी तुंबली की बॅटरी तापते. काही मिनिटांची साफसफाई टाळून लोक हजारो डॉलरचं बिल ओढवून घेतात.

बॅटरीचा खरा वैरी उष्णता. निसान लीफ २०१० च्या अखेरीस बाजारात आली, आणि तिच्या बॅटरीला थंड ठेवायला द्रवाची सोय नव्हती. अॅरिझोनाच्या वाळवंटी उन्हात दोनेक वर्षांतच मालकांना क्षमता घटल्याचं जाणवलं. गाऱ्हाणी वाढल्यावर कंपनीने क्षमतेची हमी दिली, आणि २०१४ मध्ये जुनी बॅटरी परत घेऊन नवीची किंमत ५,४९९ डॉलर जाहीर केली. चंद्रपूर-नागपूरचा मे महिना आठवला, की गाडी घेताना ‘लिक्विड कूलिंग आहे का’ हे विचारायलाच हवं. नेक्सॉनमध्ये ते सुरुवातीपासून आहे.

आपल्याकडे बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी रुळली आहे. २०२५ मध्ये टाटाने हॅरियर ईव्हीपासून सुरुवात करून काही मॉडेलना ‘लाइफटाइम’ वॉरंटी दिली. हे आयुष्य १५ वर्षांचं आणि पहिल्या खाजगी मालकापुरतं. एमजीने २०२४ मध्ये विंडसर आणताना वेगळाच रस्ता धरला: गाडी ९ लाख ९९ हजारांना, बॅटरीचं भाडं किलोमीटरमागे साडेतीन रुपये. त्या दराने महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याला हे भाडं सव्वापाच हजार पडायचं, चार्जिंग वेगळं. बॅटरीची धास्ती जाते, पण दरमहा मीटर पडत राहतो.

वॉरंटी उत्पादनातल्या दोषासाठी असते. तळघरातल्या पार्किंगमध्ये पुराचं पाणी शिरलं, खालून दगड लागला, तर दार ठोठावायचं ते विमा कंपनीचं. म्हणून मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याने विम्यात बॅटरीचं वेगळं संरक्षण घेतलेलं बरं.

खरी जोखीम येते ती जुनी गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला, फ्लोरिडातल्या त्या कुटुंबासारखी. जुनी ईव्ही बघायला जाताना अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या प्रकृतीचा, म्हणजे ‘एसओएच’चा, अहवाल लेखी मागा. आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीखही वाचा. आठ वर्षं नव्या गाडीच्या पहिल्या विक्रीपासून मोजतात, तुम्ही पैसे दिले त्या दिवसापासून नाही. २०२० च्या सुरुवातीला रस्त्यावर आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हींची ही मुदत २०२८ च्या सुरुवातीला संपते.