दोन दिवसांनी पुन्हा या (लेखांक ४)

मागच्या लेखात आपण पहिल्या तपासणीपर्यंत आलो होतो. ती झाली, नमुने घेतले, औषधं दिली, की रुग्णालयाच्या दृष्टीने काम संपल्यासारखं होतं. पण लैंगिक अत्याचाराची शंका असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या केसपेपरवर आणखी एक ओळ हवी असते: दोन दिवसांनी पुन्हा दाखवणे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती आहे. त्यापुढे तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यातही बोलवायचं असतं. मला ही फेरतपासणी पहिल्या तपासणीइतकीच महत्त्वाची वाटते.

कारण मुका मार लगेच दिसत नाही. दंड आवळून धरला, मांडी दाबली, तर रक्त आत साकळतं आणि त्वचेवर उमटायला वेळ लागतो. सावळ्या अंगावर पहिल्या दिवशीची लाली तर ओळखूही येत नाही. हलकेच दाबल्यावर दुखतं, तेवढीच खूण. अशा वेळी 'जखमा नाहीत' एवढंच लिहिलं गेलं आणि पेशंट परत आलीच नाही, तर कोर्टापुढे तेवढंच जातं.

दुसऱ्या भेटीत 'हातावर मार' असं लिहून भागत नाही. लिहायचं ते असं: 'उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या ६ सेंमी वर, २ × १.५ सेंमीचा जांभळट लंबगोल वण, दाबल्यास दुखतो. पहिल्या तपासणीत याच जागी फक्त दुखत होतं.' सोबत तारीख, वेळ, शरीराच्या आकृतीवर खूण, आणि संमती असेल तर मोजपट्टी ठेवून फोटो. पेशंटला नंतर काही आठवलं, तर ते तिच्याच शब्दांत, नव्या तारखेखाली लिहावं. जुन्या मजकुरात खाडाखोड करू नये.

आणि वण उमटलाच नाही तर? भीतीने अंग गोठतं, धमकी दिलेली असते, आंघोळ झालेली असते, मध्ये दिवस गेलेले असतात. ही कारणं अहवालात यायला हवीत. 'बलात्कार झाला नाही' हा निष्कर्ष काढणं डॉक्टरांचं कामच नाही. टू-फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) तर कुठल्याच भेटीत करायची नाही. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२मध्ये बजावलं आहे.

उपचारांचाही पाठपुरावा लागतो. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात. मळमळ होते, मग गोळ्या सुटतात. म्हणून विचारायलाच हवं. हेपटायटिस बीचे पुढचे डोस, सहा आठवड्यांनी सिफिलिसची फेरतपासणी आणि पाळी चुकली तर गरोदरपणाची चाचणी हेही यात येतं. अत्याचारातून गर्भ राहिला असेल, तर २०२१च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. तेव्हा डीएनए तपासणीसाठीचे अवशेष फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नयेत, सलाइनने नुसते धुऊन थंड ठेवावेत. फॉर्मॅलिनने पुरावा खराब होतो.

झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, हे नातेवाइकांना बाहेर बसवूनच विचारायचं. आरोपी घरातलाच असला, तर पहिल्या दिवशी तोच सोबत आलेला असू शकतो. त्यामुळे 'घरी जायला सुरक्षित वाटतं का?' हा प्रश्न दुसऱ्या भेटीतही विचारावा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केलं, तेव्हापासून असं समुपदेशन रुग्णालयातच मिळू शकतं. जिल्ह्यांत यासाठी 'सखी' (वन स्टॉप) केंद्रं आहेत.

खासगी रुग्णालयानेही अशा पेशंटला विनामूल्य उपचार द्यायचे असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ तसं सांगतं, आणि उपचार नाकारणं हा न्याय संहितेच्या कलम २००खाली गुन्हा आहे. कागदपत्रांची प्रतही पेशंटने मोफत मागून घ्यावी. प्रौढ व्यक्तीला पोलीस तक्रार नको असेल, तर एमएलसी (वैद्यकीय-न्यायिक नोंद) करून तिचा नकार लिहून घेतात. उपचार आणि पुढच्या भेटी मात्र चालूच राहतात.

(पुढील लेखांकात: डॉक्टरांची साक्ष)