तत्त्वज्ञान व धर्म : जोडीचा विषय

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला शाखेच्या विद्यार्थ्यापुढे दोन पाट मांडले आहेत. एकावर मुख्य विषय, दुसऱ्यावर गौण. महाविद्यालयांतून त्यांस 'मेजर' आणि 'मायनर' म्हणतात. इतिहास, मराठी वा अर्थशास्त्र मुख्य घ्यावे आणि महाविद्यालयात सोय असल्यास तत्त्वज्ञान व धर्म यांचा अभ्यास जोडीला घ्यावा, अशी ही व्यवस्था. पण या विषयाचे नाव काढताच पालकांचे दोन प्रश्न हमखास येतात. हे शिकून पोट भरणार काय? आणि धर्म तो कॉलेजात काय शिकायचा, तो घरी आणि देवळात आहेच की! आम्ही कॉलेजात कधी शिकलो नाही. आयुष्य कामगार संघटनेत गेले आणि जे काही वाचले ते रात्री, वाचनालयाच्या दिव्याखाली. म्हणूनच या प्रश्नांचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दुसरा प्रश्न आधी घेऊ. धर्माचे शिक्षण आणि धर्माविषयीचे शिक्षण या दोन निराळ्या वस्तू आहेत. पूजा कशी करावी, नमाज कसा पढावा हे पहिल्यात सांगतात. ही पूजा केव्हा सुरू झाली, तिच्यामागे विचार कोणता, दुसऱ्या धर्माने त्याच प्रश्नाला काय उत्तर दिले, हे दुसऱ्यात विचारतात. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत पहिल्यास मज्जाव केला आहे. दुसऱ्यास आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले.

याचा दाखला मालवणकरांना घरचाच आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणातच जन्मले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानड्यांबरोबर तेही होते. पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गृहस्थ भाविक, प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ. तरी वैष्णव, शैव आणि इतर लहान पंथांवरील आपल्या १९१३ सालच्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी कोणत्या देवाची उपासना कोणत्या शिलालेखात वा ग्रंथात आढळते, याची पुराव्यानिशी छाननी केली. भक्ती त्यांनी सोडली नाही, आणि तिला पुराव्याच्या जागीही बसू दिले नाही. धर्माचा अभ्यास म्हणतात तो हाच.

आता या वर्गात शिकवतात काय? भारतीय दर्शनांत आरंभीच भेटतो तो शब्द 'प्रमाण'. एखादी गोष्ट खरी म्हणायची ती कशाच्या आधारावर? नैयायिक चार आधार मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाक म्हणतो, प्रत्यक्ष तेवढे खरे. हा वाद पुस्तकी वाटतो, पण वाटाघाटीच्या टेबलावर मालक 'धंदा तोट्यात आहे' म्हणतो तेव्हा तो आपल्यापुढे नुसते शब्दप्रमाण ठेवत असतो. आपण ताळेबंद मागतो आणि आकड्यांवरून निष्कर्ष काढतो, तेव्हा अनुमानाला हात घालतो. आमच्या संघटनेतील तरुणांना हे आम्ही याच शब्दांत समजावतो आणि त्यांना ते पटकन उमगते.

दुसरी शिकवण 'पूर्वपक्षा'ची. जुने शास्त्रकार आपले मत मांडण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे पुरतेपणी मांडीत आणि मगच त्याचे खंडन करीत. ज्या कार्यकर्त्याला समोरच्याचे म्हणणे त्याच्यापेक्षाही नीट सांगता येते, त्याच्या मागणीला वजन येते, असा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. आज मात्र चार माणसे धर्मावर बोलू लागली की दहा मिनिटांत आवाज चढतात, कारण पूर्वपक्ष ऐकण्याची सवय कोणालाच उरलेली नाही.

तिसरे अंग नीतिशास्त्राचे. किनाऱ्यावर रापण ओढली की मासळीचे वाटे पडतात. जो ओढतो त्याचा वाटा किती, ज्याचे जाळे आणि होडी त्याचा किती? ॲरिस्टॉटल म्हणतो, वाटणी योग्यतेच्या प्रमाणात व्हावी. पण योग्यता कशाने मोजावी यावर लोकांचे एकमत नसते, हेही तोच सांगतो. मार्क्सने १८७५ साली त्याच तराजूत माणसाची गरज घातली. आमच्या मच्छीमारांचा पर्ससीन जाळ्यांशी चाललेला झगडा सर्वांना ठाऊक आहे. २०१६ साली राज्य शासनाने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले. जाळे कोठे आणि केव्हा टाकावे हे कायदा सांगेल. पण समुद्रावर उद्या जन्माला येणाऱ्याचा हक्क किती, हे ठरवल्याशिवाय कायदा तरी कशाच्या आधारावर करायचा?

आता पोटाचा प्रश्न. नुसत्या या विषयावर नोकरी मिळेल, असे आम्ही कोणास सांगणार नाही. म्हणूनच तो जोडीला घ्यायचा. वकिली, पत्रकारिता, शिक्षकी यांत तो रोज उपयोगी पडतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची वेगळी प्रश्नपत्रिका असते. पण याहून मोठा लाभ साने गुरुजींच्या चरित्रात दिसतो. अमळनेरला गिरणीमालक प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले होते. कोकणातल्या पालगडचा हा तरुण तेथे तत्त्वज्ञान शिकायला गेला, गावच्या शाळेत शिक्षक झाला, पुढे गिरणी कामगारांत राबला आणि १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणास बसला. मालकाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या मंदिरात शिकलेला माणूस मजुराच्या बाजूला उभा राहिला! शिक्षणाचे फळ कोणाच्या पदरात पडेल ते देणगीदाराला ठरवता येत नाही.

तेव्हा पालकहो, मुलाने वा मुलीने हा विषय मागितला तर अडवू नका. महाविद्यालयात जाऊन एवढेच विचारा : येथे एकच धर्म शिकवता की अनेक? चार्वाकाला, बुद्धाला जागा आहे काय? मुलाने शंका काढली तर उत्तर मिळते, की दटावणी? उत्तर समाधानकारक असेल, तर निर्धास्तपणे अर्जावर सही करा.