बॉस्टनचे वार्तापत्र : एक डोस, पण वेळेवर

बॉस्टन : गुडघ्याचा सांधा बदललेला रुग्ण इथे बहुधा प्रतिजैविकाच्या गोळ्या न घेताच घरी जातो. पाच दिवसांच्या कोर्सची सवय असलेल्या आपल्या लोकांना हा निष्काळजीपणा वाटेल, पण त्यामागे भक्कम पुरावा आहे. त्याची सुरुवात याच शहरात झाली. डॉ. जॉन बर्क यांनी १९६१ साली गिनीपिगांवरील प्रयोगांतून दाखवले, की जंतू शिरण्याआधीच औषध ऊतींत पोचलेले असेल तर ते सर्वाधिक गुणकारी ठरते. तीन तास उलटल्यावर त्याचा फारसा उपयोग उरत नाही. १९९२ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या २,८४७ रुग्णांच्या अभ्यासाने याला दुजोरा दिला. छेदाआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के रुग्णांच्या जखमेत संसर्ग झाला. त्याहून आधी मिळालेल्यांत हे प्रमाण ३.८ टक्के, तर छेदानंतर तीन तासांहून उशिरा मिळालेल्यांत ३.३ टक्के होते.

हे कळले तरी अंगवळणी पडायला वेळ लागला, कारण डोस नेमका कोणी द्यायचा हे ठरलेले नसे. आता ही जबाबदारी बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञांकडे असते आणि छेदापूर्वी सगळे क्षणभर थांबून खात्री करतात. मूळचे विदर्भातल्या कुटुंबातले, बॉस्टनचे सर्जन अतुल गवांदे यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणी-यादीत हाच प्रश्न आहे : गेल्या साठ मिनिटांत प्रतिजैविक दिले का? दिल्लीसह आठ शहरांत ही यादी वापरल्यावर गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आले. हे श्रेय एकट्या औषधाचे नाही. पण साधी शिस्त किती काम करते, हे त्यातून दिसते.

आणखी काही दिवस औषध दिले तर बिघडते कुठे, असा आक्षेप येतो. बिघडते. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतल्या ७९,०५८ रुग्णांच्या २०१९ मधील अभ्यासात, चोवीस तासांपलीकडे औषध चालू ठेवून जखमेचा संसर्ग घटला नाही. मूत्रपिंडाची इजा आणि आतड्याचा क्लॉस्ट्रिडियम संसर्ग मात्र वाढला. भारतातली रुग्णालये इतकी स्वच्छ नाहीत, म्हणून तिथे जास्त औषध हवे, हा दुसरा आक्षेप. पण नीट निर्जंतुक न केलेल्या उपकरणांची भरपाई गोळ्यांनी होत नाही. उलट औषधाला न जुमानणारे जंतू त्याच वॉर्डात वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारस गरीब देशांनाही लागू आहे : शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंधक डोस लांबवू नयेत. फुटलेल्या अपेंडिक्ससारखा संसर्ग आधीच असेल, तर दिले जाते ते औषध उपचाराचे असते. तिथे हा नियम लागू होत नाही. म्हणून नातेवाइकांनी गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे नंतर विचारण्याऐवजी, छेदापूर्वीचा डोस कोण आणि कधी देणार, हे आधीच विचारावे. रुग्णाचे खरे रक्षण त्या उत्तरात आहे.