वाहनांतील पारंपरिक शिसे-आम्ल बॅटरी व एजीएम बॅटरी : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :
कोल्हापूर जिल्ह्यात दुचाकी, रिक्षा, मोटारी आणि उसाची वाहतूक करणारे ट्रॅक्टर यांची संख्या मोठी आहे. या सर्व वाहनांचे इंजिन सुरू करण्याचे काम प्रामुख्याने शिसे-आम्ल बॅटरीच करते. १८५९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते यांनी या बॅटरीचा शोध लावला. आज बाजारात पारंपरिक बॅटरीच्या जोडीला दीड ते दोन पट किमतीची एजीएम बॅटरी उपलब्ध आहे. हा जादा खर्च कोणत्या वाहनासाठी सार्थ ठरतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रचना व कार्य :
दोन्ही प्रकारांतील रासायनिक क्रिया एकच आहे. धन पट्टीवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि त्यांमध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते. वीज वापरली जाताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. चार्जिंगमध्ये ही क्रिया उलट होते. एका घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असल्याने सहा घटांपासून १२ व्होल्टची बॅटरी बनते.

फरक आहे तो आम्ल साठविण्याच्या पद्धतीत. पारंपरिक बॅटरीत पट्ट्या द्रवात बुडालेल्या असतात. चार्जिंगच्या अखेरीस पाण्याचे विघटन होऊन वायू बाहेर पडतात. म्हणून त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. एजीएममध्ये काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंची चटई आम्ल शोषून धरते. धन पट्टीवर निर्माण झालेला ऑक्सिजन चटईच्या रिकाम्या छिद्रांतून ऋण पट्टीकडे जातो व तेथे पुन्हा पाणी बनते. त्यामुळे ही बॅटरी झडप लावून बंद ठेवता येते.

गुणदोष :
१) एजीएमचा अंतर्गत रोध कमी असल्याने ती क्षणात मोठा प्रवाह देते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करून पुन्हा सुरू करणाऱ्या मोटारींना ती म्हणूनच उपयुक्त ठरते.
२) घट्ट दाबून बसविलेल्या पट्ट्यांमुळे ती खड्ड्यांचे हादरे अधिक सोसते. ती कलंडली तरी आम्ल सांडत नाही. २०१९ व २०२१ च्या महापुरांत कोल्हापुरात अनेक वाहने पाण्याखाली गेली. अशा वेळी पारंपरिक बॅटरीच्या झाकणांतून गढूळ पाणी आत शिरू शकते. एजीएममध्ये हा धोका बराच कमी असतो.
३) मात्र अतिचार्जिंग व उष्णता ही एजीएमची मर्मस्थाने होत. झडपेतून गेलेले पाणी पुन्हा भरता येत नाही. जुन्या वाहनाचा रेग्युलेटर सदोष असल्यास महाग बॅटरीच आधी निकामी होते. पारंपरिक बॅटरीत निदान पाणी घालून हानी काही अंशी भरून काढता येते.
४) गळीत हंगामानंतर उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी आपोआप उतरते व पट्ट्यांवर कठीण सल्फेट साचते. एजीएम हळू उतरते, परंतु उतरलेल्या स्थितीत ठेवल्यास तीही बिघडते. अधूनमधून चार्ज करणे दोन्हींसाठी आवश्यक आहे.

सामाजिक बाजू :
पाणी भरावे लागत नाही म्हणून एजीएम निर्धोक ठरत नाही. शिसे दोन्हींत आहे. जुनी बॅटरी उघड्यावर फोडून शिसे वितळविल्यास त्याची बाधा प्रथम लहान मुलांच्या मेंदूला होते. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे तीनपैकी एका मुलाच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आहे. भारतात २००१ च्या नियमांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली असून वापरलेल्या बॅटऱ्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे.

निष्कर्ष :
वाहन ज्या बॅटरीसाठी बनविले आहे, तीच योग्य होय. मुळात एजीएम असलेल्या गाडीत स्वस्त म्हणून साधी बॅटरी बसविणे तोट्याचे ठरते. जुन्या ट्रॅक्टरला वा रिक्षाला चार्जिंगची तपासणी न करता एजीएम लावणेही तितकेच तोट्याचे आहे. निवड कोणतीही असो, जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे न देता अधिकृत विक्रेत्याकडे परत करणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे.