नंबर आधी, तरी उशीर का?

सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर रोज एकदा तरी ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, ‘डॉक्टर, नंबर आमचा आधी होता, मग ते आत कसे गेले?’ प्रश्न रास्त आहे. यंत्र एक आणि रुग्ण अनेक. हाच पेच संगणकापुढेही असतो. प्रोसेसर एक, कामं अनेक. कोणाची पाळी कधी, याचे नियम संगणकशास्त्राने गेली साठेक वर्षं पारखले आहेत. ते समजले, की रुग्णालयातली रांगही समजते.

पहिला नियम आपल्या ओळखीचा : जो आधी येईल, त्याचं काम आधी. समजा, तीन रुग्णांच्या तपासण्यांना ४०, १० आणि ५ मिनिटं लागणार आहेत. याच क्रमाने घेतलं, तर पहिल्याला थांबावं लागत नाही, दुसरा ४० आणि तिसरा ५० मिनिटं थांबतो. सरासरी ३० मिनिटं. आता छोटं काम आधी घेऊ. थांबण्याची वेळ होते ०, ५ आणि १५ मिनिटं. सरासरी ७ मिनिटांहूनही कमी! यंत्र तेच, काम तेवढंच. बदलला फक्त क्रम.

पण रुग्णालयात वेळेपेक्षा तातडी मोठी. मेंदूचा रक्तपुरवठा अडला, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतोच. अशा रुग्णाला पुढे घेणं हा वशिला नव्हे.

मात्र या नियमातही एक धोका आहे. तातडीचे रुग्ण येतच राहिले, तर साध्या रुग्णाची पाळी येतच नाही. संगणकशास्त्रात याला ‘स्टार्व्हेशन’, म्हणजे उपासमार म्हणतात. रुग्णालयात तिची किंमत मोठी असते. आज तातडीची न वाटणारी गाठ तारखा पुढे सरकत असताना वाढत राहू शकते. यावरचा उपाय म्हणजे ‘एजिंग’ : काम जितका वेळ थांबेल, तितकं त्याचं महत्त्व वाढवत न्यायचं. शस्त्रक्रियेच्या यादीतही तातडीच्या रकान्याशेजारी ‘किती दिवस थांबला’ हा रकाना हवा.

आणखी एक गुंता आहे. नासाचं ‘पाथफाइंडर’ यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या दुय्यम कामाने सर्वांच्या वापरातलं एक साधन अडवलं होतं. अतिशय महत्त्वाचं एक काम त्यासाठी खोळंबलं होतं आणि मधल्या दर्जाची कामं त्या दुय्यम कामाला पुढे सरकू देत नव्हती. अभियंत्यांनी पृथ्वीवरूनच दुरुस्ती पाठवली : तातडीचं काम ज्याच्यामुळे अडलंय, त्यालाही तेवढ्यापुरती तीच तातडी द्यायची.

आपल्याकडेही असंच होतं. रुग्णाला तातडीने कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करायचा असतो. पण मूत्रपिंडाची स्थिती सांगणाऱ्या क्रिएटिनिन तपासणीचा नमुना प्रयोगशाळेत साध्या नमुन्यांच्या रांगेत पडलेला असतो. रुग्ण तातडीचा असेल, तर त्याचा नमुना आणि त्याला नेणारी ट्रॉलीही तातडीची ठरायला हवी.

रांगेत असताना तुम्हीही काही गोष्टी करू शकता. जुने रिपोर्ट सोबत ठेवा. त्रास वाढला, एखादी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं किंवा दम लागू लागला, तर नंबरची वाट न पाहता लगेच सांगा. आणि तारीख दुसऱ्यांदा पुढे गेली, तर डॉक्टरांना संकोच न करता विचारा, ‘इतके दिवस थांबलो, ते कुठे धरलंय का?’ तो तक्रारीचा नव्हे, तुमच्या हक्काचा प्रश्न आहे.