वापरात नसलेल्या आतड्याचा दाह

विषमज्वरात आतड्याला भोक पडले, अर्बुदाने वाट अडविली किंवा अपघातात मलाशय फाटले, म्हणजे शल्यचिकित्सक पुष्कळदा आतड्याचे तोंड पोटाच्या भिंतीवर आणून मलाला तेथून वाट करून देतात. या द्वाराला स्टोमा म्हणतात. त्याच्या पुढचे मोठे आतडे जागेवरच राहते; मात्र त्यातून काहीही जात नाही.

जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयातून एखादा रोगी मंडला-डिंडोरीकडच्या आपल्या गावी परततो. काही महिन्यांनी बंद पडलेल्या जुन्या वाटेने रक्तमिश्रित आव पडू लागते, कुंथावेसे वाटते. शस्त्रक्रिया फसली, असा त्याचा समज होतो. आणि आवेवरची नेहमीची औषधे सुरू होतात. तीही सहसा निरुपयोगीच.

या विकाराचे स्पष्ट वर्णन १९८१ साली अमेरिकेत ग्लॉट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्याचे एक कारण मोठे उद्बोधक आहे. शरीराचे इतर अवयव रक्तातून पोसले जातात; मोठ्या आतड्याचे अस्तर मात्र आपले बरेचसे इंधन आतड्याच्या पोकळीतूनच घेते. अन्नातील चोथा तेथील जिवाणू आंबवितात व त्यातून मेदाम्ले निर्माण होतात. खवट लोण्याला ज्याचा वास येतो ते ब्युटिरिक आम्ल त्यांपैकीच एक. हे अस्तर त्यावर किती अवलंबून असते, ते रोडिगर यांनी १९८० साली दाखविले. मलप्रवाह वळविला, की अस्तराची उपासमार होते. ही उपपत्ती पटण्याजोगी असली, तरी सर्वस्वी सिद्ध झालेली नाही.

१९८९ साली हारिग प्रभृतींनी चार रोग्यांना या आम्लांचा एनिमा दिला व काही आठवड्यांत दाह शमला. पुढे फ्रान्समधील चौदा दिवसांच्या चाचणीत मात्र फरक दिसला नाही. मेसालाझिन किंवा स्टेरॉइडचे एनिमाही वापरतात. पुष्कळांच्या आतड्यात दाहाच्या खुणा असूनही त्रास नसतो. त्यांना उपचारच लागत नाहीत. तथापि रक्त पडत असेल तर दुर्बिणीने तपासून अस्तराचा तुकडा पाहणे अवश्य आहे. कर्करोगाचा पूर्वेतिहास असल्यास विशेषच.

खरा उपाय आतडे पुन्हा जोडणे हाच होय. जोडल्यावर दाह बहुधा ओसरतो. म्हणून केवळ या दाहापायी जोडणी लांबणीवर टाकू नये. जेथे जोडणे अशक्य असते आणि त्रास असह्य होतो, तेथे तो भाग काढून टाकतात.